नारळ नको, गुण द्या

जालना जिल्ह्यात वाऱ्याशी उघड वैर असलेलं माणूस एकच, आणि ती माझी सख्खी आत्या. बाकीचे लोक वारा सुटला की खिडक्या लावून घेतात, वाळवणावर दगड ठेवतात, फार तर देवाचं नाव घेतात. आत्या गच्चीवर जाते, ओली करंगळी वर धरते आणि वाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ये. बघूनच घेते तुला." मग धडाधड जिना उतरून मामांना सांगते, "पश्चिमेचा है. चला, जल्दी करा." मामा म्हणजे तिचे यजमान, आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा पेपरची घडी घालतात आणि चप्पल शोधतात. दारात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये, बाळंतिणीला घालावी तशा मऊ गादीवर, आत्याचं विमान निजलेलं असतं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते आत्याइतकंच लांब आहे आणि स्वभावानेही बरंचसं तिच्यावर गेलं आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना वाटतं, हातात रिमोट धरून विमान घिरट्या घालत ठेवायचं, की झालं. आत्यासमोर असं बोलू नये. या खेळात आभाळात ठरलेल्या आकृत्या काढायच्या असतात, त्याही ठरलेल्या क्रमाने. लूप म्हणजे पूर्ण वर्तुळ, रोल म्हणजे सरळ रेषेत जाता जाता स्वतःभोवती घेतलेली गिरकी, आणि अशा कितीतरी. खाली खुर्च्यांवर पंच बसतात आणि प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण देतात. वारा वर्तुळाचं अंडं करतो, रेषेला बाक देतो. उडवणाऱ्याने मात्र वारा नव्हताच असं दाखवायचं असतं. आत्या आयुष्यभर एका सरकारी कचेरीत आरेखक होती. तिने कागदावर रस्ते आखले, पूल आखले, आणि ते जमिनीवर कसे उतरले हे आपण सगळेच गाडीत बसून रोज अनुभवतो. "आभाळात कंत्राटदार न्हाई," ती म्हणते, "म्हणून मी तिकडं गेले."

तिचं विमान जुन्या घडणीचं आहे. त्याचा आराखडा ती परकर नेसून शाळेत जात होती त्या काळातला, कुठल्याशा परदेशी मासिकातल्या पानाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिने तो पुन्हा पूर्ण मापात आखला आणि हलक्या बाल्सा लाकडाची एकेक फासळी स्वतः कापली. आजची स्पर्धेतली विमानं विजेवर चालतात. पोटाने जाड, आवाजाने सोज्वळ, वाऱ्यातही मठ्ठ उभी राहतात. आत्याचं विमान सडपातळ, किंचाळणाऱ्या इंजिनाचं, वेग जरा कमी झाला की रुसणारं. त्याच्या इंधनात एरंडेल मिसळावं लागतं. आत्या ते इतक्या वेळा आणि इतकं नेते, की किराणा दुकानदाराने एकदा मामांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "भाऊ, राग मानू नका, पण घरात कोणाचं पोट साफ होत न्हाई का?" मामा म्हणाले, "विमानाचं." दुकानदार त्या दिवसापासून मामांशीच जपून बोलतो. पंखांवर चढवायला जुन्या पद्धतीप्रमाणे रेशीम हवं होतं, तेव्हा आत्याने कपाटातला स्वतःच्या लग्नातला शालू काढला आणि कात्री लावली. नात्यातल्या बायकांनी दोन दिवस सुतक पाळल्यासारखे चेहरे केले. "सौभाग्याचं लेणं ते, असं फाडतात का?" एकीने विचारलं. आत्या म्हणाली, "एकदा नेसून तो कपाटात पडला होता. आता बघा, उडून राह्यला." डाव्या पंखावर अजून शालूचा काठ आहे. विमान उलटं झालं की तो उन्हात चमकतो.

या खेळाची एक सवय मात्र तिच्या हाडात शिरली आहे. पंच दहा गुण धरूनच सुरुवात करतात आणि चूक दिसेल तसे कापत जातात. आत्या जगाकडेही तशीच बघते. लग्नात वरमाला घालणाऱ्या नवऱ्यामुलाला तिने मांडवातच सहा गुण दिले, कारण हात खांद्याच्या रेषेत नव्हते. आमच्या घरात माझ्या लहानपणापासून वर्तमानपत्रापेक्षा मोर्चा-आंदोलनांची पत्रकं जास्त यायची. त्यामुळे मीही लवकरच पत्रकं लिहू लागले. पहिलं पत्रक मी आत्याला अभिमानाने दाखवलं. तिने ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "सुरुवात नऊ. मध्यात धिक्कार दोनदा आला, एक कापला. शेवटी जिथून निघालीस तिथं उतरली न्हाईस. सात." मी चिडले. म्हणाले, "आत्या, हा अन्यायाचा प्रश्न आहे!" ती म्हणाली, "मंग तर सरळ रेषेत लिही."

दुसरी सवय याहून धोक्याची. विमान आपल्याकडे तोंड करून येत असलं की त्याचं उजवं ते आपलं डावं. आत्याच्या डोक्यात ही उलटापालट इतकी पक्की बसली आहे, की समोरच्या माणसाला ती कायम त्याचीच बाजू सांगते. एकदा ट्रकवाला आमच्या गल्लीत ट्रक मागे घेत होता. आत्या पुढे उभी राहून ओरडली, "उजवीकडं!" ती त्याचीच उजवी होती, बिलकुल बरोबर. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचं सांगणं मनात उलटं करून घ्यायची त्या बिचाऱ्याला जन्माची सवय. त्याने डावीकडे घेतलं आणि आमच्या फाटकाचा खांब गेला. "मी बराबरच सांगितलं होतं," आत्या म्हणाली. ते खरं होतं, खांबही खराच पडला होता.

शहराबाहेरच्या मुरमाड माळावर ती उडवते. तिथली धावपट्टी ती स्वतः खराट्याने झाडते. आजूबाजूच्या रानातले लोक बांधावर येऊन बसतात आणि प्रत्येक नवा माणूस तेच विचारतो.

"आत्याबाई, याच्यात कॅमेरा है का?"

"न्हाई."

"मंग फवारणी करतं का?"

"न्हाई."

"मंग उडतं काहून?"

"तू मोटर चालू करून बांधावर गाणं म्हणत बसतोस, त्यानं पाणी जास्त येतं का?"

तो हसतो आणि बसून राहतो, निदान दोन लूप होईपर्यंत. मला हे उत्तर फार आवडतं. आपल्याकडे गरिबाने आणि बाईने काहीही करावं, पण ते उपयोगाचं असलं पाहिजे, असा एक न लिहिलेला कायदा आहे. बाईने शिवण शिकावं, पापड लाटावेत, बचत गट चालवावा. हौस ही पुरुषांची जागा, तीही पैसेवाल्या. आत्या त्या कायद्याच्या डोक्यावरून रोज उलटं विमान नेते, आणि तेही सरळ रेषेत.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरकडे एक स्पर्धा होती. जुन्या घडणीच्या विमानांचा वेगळा गट असेल असं कळवलं होतं, म्हणून आत्या महिनाभर माळावर राबली. मामा तिच्या खांद्यामागे उभे राहून पुढची आकृती सांगत. स्पर्धेतही उडवणाऱ्यामागे असा एक सांगणारा लागतो. मी इंजिन सुरू होताना शेपूट धरायला. तिथे पोचलो तर भला मोठा मांडव, लाउडस्पीकर आणि ब्लेझर घातलेले संयोजक. ते हात जोडून पुढे आले. "मॅडम, जुन्या गटात तुमची एकच नोंद आली, म्हणून तो गट रद्द केलाय. पण तुम्ही नाराज होऊ नका. दुपारी पाहुण्यांसमोर तुमचं प्रात्यक्षिक ठेवतो. आणि त्याआधी तुमचा सत्कार."

आत्याने विचारलं, "प्रात्यक्षिकाला गुण किती?"

"गुण नसतात हो. ते नुसतं बघायला."

"मंग मी सर्कस है का?"

ते हसले, कारण त्यांना वाटलं ती गंमत करते आहे. थोड्या वेळाने लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं. नारीशक्ती, ज्येष्ठत्व, मराठवाड्याची माती, सगळं एका दमात येऊन गेलं. आत्या मंचावर गेली. पाहुण्यांनी शाल उलगडली, नारळ पुढे केला. आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "नारळ नको. गुण द्या."

मांडव हसला. मग तिचे हात पाठीमागेच आहेत हे दिसलं आणि हसणं विरलं. पाहुणे नारळ धरून तसेच उभे राहिले. नारळ जड असतो. संयोजक तिच्या कानाशी आले, पण माइक चालूच होता.

"मॅडम, खुल्या गटात सगळी पोरं आहेत, नवी विमानं आहेत."

"खुल्या गटाच्या नियमात विमानाचं वय लिहिलंय का?"

"नाही, पण तुम्ही शेवट येताल."

"येईन की. शेवटी यायचा हक्क तर द्या!"

मी मुठी आवळून घोषणा द्यायला तोंड उघडलं होतं. मामांनी माझा दंड धरला. "थांब गं," ते कुजबुजले, "तिचं चाललंय ते पुरेसं है." आणि ते पुरेसं होतं. पाहुण्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि आत्याचं नाव खुल्या गटात लिहिलं गेलं.

तिची पाळी आली तेव्हा वारा चांगलाच भरला होता. मी शेपूट सोडली, विमान उठलं, आणि मांडवातल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. त्यांनी असलं किंचाळणारं इंजिन कधी ऐकलंच नव्हतं. मामा तिच्या खांद्यामागून बोलत होते, "आता लूप. डावीकडून वारं है. वर, वर, सोड आता. मंग उलटं सरळ जायचं. शाब्बास म्हणत न्हाई, पंच ऐकून राह्यले." लूपचा माथा जरा चपटा झाला. तो आत्यालाही दिसला, कारण तिने दातओठ खाल्ले. त्यानंतरच्या आकृत्या मात्र तिने वाऱ्याच्या छातीवर बसून काढल्या. रोल असे झाले की पंखावरचा काठ तेवढाच फिरत होता, विमान जणू दोरीवर ओवलेलं. आणि शेवटून दुसऱ्या आकृतीत, सरळ उभं वर जाताना, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

एवढी शांतता मी कुठल्याही सभेत ऐकलेली नाही. इंजिन बंद पडलं की उरलेल्या आकृत्यांना शून्य. आत्याने विमानाचं नाक खाली घातलं, त्याला वळवलं आणि आवाज न करता धावपट्टीच्या बरोबर मध्ये आणून टेकवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही. आत्याने वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने गुणांचे कागद फळ्यावर लागले. आत्याने चष्मा लावला. लूपला दोन पंचांनी सहा-सहा दिले होते, तिसऱ्याने नऊ. ती तिसऱ्या पंचाच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. तिशीतला चांगला मुलगा होता तो.

"लूपला नऊ तुम्ही दिले?"

"हो मॅडम. काय उडवलंत! कमाल केलीत."

"माथा चपटा होता."

"असू द्या की. या वयात, एवढ्या वाऱ्यात, असल्या जुन्या विमानानं..."

"वयाला गुण देता का लूपला?" आत्याचा आवाज चढला. "मघाशी मी मंचावर नारळ घेतला न्हाई. तोच तुम्ही कागदावर फोडला. त्या पोरांना असे देता का? न्हाई ना? मंग मला काहून? सहा करा."

"मॅडम, तुमचंच नुकसान आहे."

"माझं नुकसान माझं मी बघते. सहा."

तो मुलगा उठून उभा राहिला. त्याने फळ्यावरचा कागद काढला, नऊवर रेघ मारली, सहा लिहिले आणि बाजूला सही केली. मग म्हणाला, "चुकलं माझं." आत्या म्हणाली, "आता बराबर." मला वाटलं, हीच ती विजयाची घटका. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते आणि ते मला नवाच्या पुढे जाताना दिसत होतं.

आम्ही खुल्या गटात शेवटचे आलो होतो. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला चहासाठी थांबलो. मामांनी विमानाची गादी नीट केली आणि येऊन बसले. आत्याने कोणाला गुण दिले नाहीत, समोरच्या टपरीवाल्याने चहा सांडला तरी. मग हळूच म्हणाली, "नऊ राहिले असते तर एक पोरगं मागं पडलं असतं. मी हिशोब केल्ता, फळ्यापाशीच."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "ठाऊक होतं, तरी गेलीस?"

"जावंच लागलं ना. पण लई मन होतं हो. एकाला तरी मागं टाकावं. एकदा."

तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत. माझ्या मनातलं पत्रक तिथेच गळून पडलं. हरलेल्यांसाठी, नाडलेल्यांसाठी, डावललेल्यांसाठी मला कितीतरी वाक्यं येतात. स्वतःच्या हाताने शेवटचा नंबर घेऊन आलेल्या आणि त्याचं मनापासून वाईट वाटणाऱ्या बाईसाठी एकही आलं नाही. मामांनी मात्र तिचा कप आपल्याकडे ओढला, चहा बशीत ओतला, फुंकून फुंकून गार केला आणि बशी तिच्यापुढे सरकवली. हायवेवरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. आत्याने बशी दोन्ही हातांनी उचलली आणि सावकाश प्यायली.