आत्याने बाटवलेली खुर्ची

मार्थाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुप्याला कंपनीत पाळीवर होते. शेजारच्या कौसामावशी रडत सांगत होत्या, "बाई गेल्या गं... च्या पिता पिता गेल्या." नगरला एसटी बदलून संगमनेरच्या अलीकडच्या आमच्या फाट्यावर उतरले, तर समोर आत्याच! म्हणजे फ्लेक्सवर. नर्सच्या टोपीतला जुना फोटो, डोक्यामागं पिवळं तेजोवलय, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहणारी गॉगलवाली मंडळी, ज्यांच्यातला एकही तिच्या दारात कधी आला नव्हता. चित्रापुढे हात जोडणाऱ्या आपल्याच लोकांची जिने जन्मभर टर उडवली, तिलाच यांनी एका सकाळीत संत करून विजेच्या खांबाला टांगलं होतं.

आम्ही ख्रिस्ती. आई लहानपणीच गेली, मग दवाखान्यातली नोकरी सांभाळत आत्यानेच मला वाढवलं. देवाची मूर्ती करू नका, चित्र करू नका, ही आज्ञा तिच्याइतकी कडक पाळणारं माणूस मी पाहिलं नाही. घरात येशूचासुद्धा फोटो नव्हता. एका नाताळाला कोणीतरी निळ्या डोळ्यांच्या येशूचं कॅलेंडर दिलं. "हा कोण गोरा हिरो?" म्हणत तिने ते उलटं करून, कोरी बाजू वर ठेवून, फडताळात डब्यांखाली अंथरलं. कौसामावशींच्या देव्हाऱ्याबद्दल मात्र तिने कधी अवाक्षर काढलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांना कोणी मनाई केली होती का? मनाई आपल्याला आहे, तीही दगडावर कोरून. आणि आपण काय केलं? मोशे देवाच्या आज्ञा घेऊन डोंगरावरून खाली यायच्या आत कानातली कुंडलं वितळवून पूजेला सोन्याचं वासरू ओतलं!" हे ऐकून कुंपणापलीकडून कौसामावशी हसल्या. "बाई, तुमचा देव दिसत न्हाई तेच बरं हाय. दिसला असता तर त्यालाबी चार शब्द सुनावलं असतं तुमी." आत्यालाही हसू आवरलं नाही.

तिचा सगळा राग राखून ठेवलेला होता आपल्याच लोकांसाठी. आमच्या चर्चमध्ये वेताची एक जुनी खुर्ची होती, गावात पहिली शाळा काढणाऱ्या मिशनरी साहेबांची. तिच्यावर कोणी बसत नसे, इथवर ठीक होतं. मग लोक येता-जाता तिला हात लावून तो कपाळाला लावू लागले. मग मेणबत्त्या आल्या. पुढे पुढे तर दहावीची पोरं हॉल तिकीट आणून तिच्यावर ठेवायला लागली, आणि खुर्ची पावते असंही कोणी तरी पसरवून दिलं. एका रविवारी आत्या आली, पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्या खुर्चीत बसली. उपदेशाला उभे असलेले पाळक हळूच म्हणाले, "आत्या, ती साहेबांची खुर्ची आहे." ती म्हणाली, "साहेब केव्हाच उठून गेले. आता मी बसलेय. चालू द्या तुमची उपासना." तेवढ्यात कुजलेला वेत कर्रकन तुटला आणि आत्या कंबरेपर्यंत आत गेली! दोघांनी धरून बाहेर काढली. हसली ती एकटीच. चर्चचे सेक्रेटरी ओरडले, "खुर्ची बाटवली तुमी! पाप लागंल!" साडी झटकत तिने त्यांना बायबलातल्या हिज्कीया राजाची गोष्ट ऐकवली. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला होता, पण लोक त्याला धूप जाळायला लागले तेव्हा राजाने तोही फोडला. "देवाने सांगून केलेला फोडला," ती म्हणाली, "तुमची तर खुर्ची आहे."

मोडका देव कोणालाच नको असतो. आत्याने खुर्ची घरी आणली, हिरव्या नायलॉनच्या पट्टीने विणून घेतली आणि दारापुढच्या ओट्यावर टाकली. मग वर्षानुवर्षं तिच्यात बसून तिने तांदूळ निवडले, कांदे चिरले, नखं कापली.

गेल्या आठवड्यात तेच सेक्रेटरी चर्चच्या पंचांना घेऊन घरी आले. "आत्यांची खुर्ची चर्चला द्या. वर त्यांचा फोटो लावू, म्होरं मेणबत्ती. लई थोर बाई हुती." पाप लागेल म्हणणारं तेच तोंड! जिवंत माणूस उलटं बोलतं, म्हणून असल्यांना मेलेलीच माणसं थोर वाटतात. 'माझा फोटो भिंतीला लावलास तर बघ,' असं आत्याने मला शंभरदा बजावलं होतं. मी तिथल्या तिथे त्यांना वाटेला लावायला हवं होतं... पण रविवारी या, एवढंच म्हणाले.

कारण आत्या गेल्यापासून मीही त्या खुर्चीत बसले नव्हते. रोज सकाळी ती पुसत होते, बशीत मोगऱ्याची फुलं घालून तिच्यावर ठेवत होते. फ्लेक्स मीच उतरवला होता, पण त्यातला तिचा चेहरा तेवढा कापून गादीखाली जपला होता. माझ्याजवळ तिचा दुसरा फोटोच नाही. मला तिचा चेहरा हवा होता, फार हवा होता. वासरू ओतणाऱ्यांची एवढी टिंगल मी ऐकली होती, पण मोशे परत येत नाही म्हणून ती माणसं घाबरली असतील, हे मला पहिल्यांदाच सुचलं. आत्याला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "घाबरा की. वासरू कशाला?"

रविवारी उपासनेनंतर मंडळी आली. एका खुर्चीसाठी टेम्पो, आणि हातात झेंडूचा हार. मी मांडीवर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन खुर्चीत बसले होते. पट्ट्या आत्याच्या वजनाने खोल गेलेल्या, त्यामुळे मी बुडाले होते आणि डोळे वाहत होते, ते पुसायचंही मला सुचत नव्हतं.

"ती आत्यांची खुर्ची..." सेक्रेटरी म्हणाले.

"आत्या उठून गेली. आता मी बसलेय."

हार कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तो तसाच धरून म्हणाले, "मग फोटो तरी द्या."

मी शेंगा फोडत राहिले. टरफलं पडायला खाली फ्लेक्सचा तो तुकडा अंथरला होता, पांढरी बाजू वर करून.