नवऱ्याच्या वाटीतला घोट

माझ्या सासूबाईंचा, सिदोनींचा, अर्धा जन्म एका चांदीच्या वाटीवर चिडण्यात गेला. वाटी सासऱ्यांच्या पणजोबांची. पसरट, तळाला खळगे पाडलेली, काठावर पणजोबांचं नाव. तळघरात मेणबत्तीशी धरली की वाईन किती नितळ आहे ते त्या खळग्यांत दिसतं. बरगंडीतल्या आमच्या गावात अशा वाट्या घरोघरी आहेत, आणि एकाची वाटी दुसऱ्याने तोंडाला लावायची नाही, अगदी बायकोनेही नाही. विजारी धुताना खिशातून ती काढायची मात्र बायकोने.

"वाटी पुन्हा धुण्यात सापडली."

"साबण नाही ना लागला?"

"खिशाला भोक पडलंय, ते विचार."

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने सासऱ्यांना वास येईनासा झाला. हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. करपलेल्या कांद्याच्या सूपला त्यांनी झकास म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मग पिंपं एकत्र ओतायची वेळ आली. भिंतीकडच्या पिंपाचं बूच काढताच मला ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला. ते बाकीच्यांत मिसळलं असतं, तर वर्षाची सगळी वाईन वाया. मी काचेचा पेला पुढे केला.

"काचेत काय कळतंय? चांदी खोटं बोलत नाही," सासरे म्हणाले. त्यांनी वाटीत घेतलेली वाईन खरंच माणकासारखी दिसत होती.

"दिसायला छानच आहे, आन्सेल्म. वास घे," सासूबाई म्हणाल्या.

"घेतला."

"कशाने, कानाने?"

"तू चुलीकडे बघ, सिदोनी."

सासऱ्यांनी वाईन ओढायची नळी त्या पिंपात सोडलीसुद्धा. सासूबाईंनी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली आणि सरळ तोंडाला लावली. मी जागीच थिजले. त्यांनी तोंडात घोट घोळवला आणि जमिनीवर थुंकला.

"यात कोंबडी शिजवलीस ना, तर ती उठून पळेल."

सासऱ्यांनी रिकामी वाटी परत घेतली. मग नळी बाहेर ओढली, त्या पिंपावर खडूने फुली मारली, शेजारच्या पिंपातून वाटी भरली आणि स्वतः न चाखता बायकोपुढे धरली.

"घाई करू नकोस. जिभेवर नीट फिरव."

"आता हा मला शिकवणार," सासूबाई पुटपुटल्या आणि वाटी घेतली.