गजूचा खंदक आणि माझा

आमच्या आवारात खंदक दोन खोदले गेले, कारण भाऊ दोन होते.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू होत्या आणि पोरांना सुट्ट्या. आता सीमा आमच्यापासून एवढी लांब, की शत्रूला आमचं गाव शोधायचं तर चिचगडला उतरून चहाच्या टपरीवर रस्ता विचारावा लागला असता. पण टीव्हीवर तिकडची माणसं खंदकात बसलेली दाखवली आणि आमची पोरं पेटली. माझा सोमू, आणि माझ्या धाकट्या भावाच्या, गजूच्या, दोघी पोरी.

"आपल्याले बी बंकर पायजे!"

गजूनं त्याच दुपारी घरामागच्या टेकाडावर कुदळ मारली. मग मी काय हातावर हात ठेवून बसणार? (बैलजोडीपासून मोटरसायकलपर्यंत, त्यानं घेतलं आणि मी घेतलं नाही असं आजवर घडलेलं नाही.) पोरांनी जाहीर केलं, रविवारी सराव, ज्याचा बंकर चांगला त्याच्यात बसू. म्हणजे पोरं ज्याच्या खंदकात, तो घरचा खरा कर्ता.

गजूचं काम बघून आलो. उंचावरची मुरमाड जागा, सगळीकडे भेगा. मला हसूच आवरेना.

"गजू, याच्यात थेंबभर पाणी थांबणार नाई."

"पाणी कायले थांबवतो दादा?"

त्याला काय कळतंय! आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी तलाव बांधले. खोदकाम आमच्या रक्तात आहे. (गजूच्या वाटणीला ते आलं नसावं.)

मी परसातला सखल कोपरा निवडला, जिथं तिन्ही बाजूंचा उतार येऊन मिळतो. माती चिकण, एक नंबर. तळ धुमसानं चोपून घट्ट केला, खालच्या अंगाला पाळ घातली आणि पाळीच्या टोकाला दगडाचा सुबक सांडवा काढला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"खंदकाले सांडवा कायले जी?"

"असावा लागते."

"पण काऊन?"

हात आपोआपच चालले होते. "तुले नाई समजत त्यातलं," म्हणालो आणि आणखी दोन दगड बसवले.

शनिवारी सोमू दोन्हीकडे पाहणी करून आला. "पापा, काकाच्या बंकरात टेबलफॅन हाये. चिप्स हायेत. मी तिकडंच बसतो."

पोटचं पोर फितूर झालं! मला जेवण गेलं नाही. तिरीमिरीत उठलो, खंदकावर बांबू आडवे टाकले आणि वरून धानाची वाळकी तणस अंथरली. विमानातून काय, आमच्या परसातूनही खंदक दिसेनासा झाला. सोमू जरा विरघळला. "बघतो उद्या," म्हणाला.

रात्री अवकाळी पाऊस गारांसकट कोसळला. मी निवांत झोपलो. माझं काम पक्कं होतं.

सकाळी बायकोनं कुकर लावला. त्याची शिटी हाच आमचा सायरन. शिटी झाली, पोरं अंगणात धावली. सोमू मधोमध उभा. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. टेकाडावरून गजू चिप्सचं पाकीट हलवत होता. माझा धीर सुटला.

"सोमू, बघ, असं घुसायचं!" असं ओरडत मी धावलो आणि तणशीवर उडी घेतली.

बांबू मोडले, मी आत गेलो आणि गळ्याइतक्या पाण्यात फतकल मारून बसलो. डोक्यावर तणस. जास्तीचं पाणी सांडव्यावरून अगदी शिस्तीत वाहून जात होतं.

"मम्मी, पापा बुडून राहिले!" सोमू ओरडला आणि मला वाचवायला त्यानं उडी मारली. मागोमाग गजूच्या दोघी. (मला वाचवायचं होतं, हे नंतर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.)

चिप्सचं पाकीट घेऊन गजू खाली आला. हसेल म्हणून मी तोंड फिरवलं. पण तो पाळीवर उकिडवा बसला आणि हातानं माती दाबून बघू लागला.

"दादा, कुठंच झिरपून नाई राहिलं जी."

"नाई ना?" मी पाण्यातूनच म्हणालो. छाती फुगली, तसं पाणी थोडं वर चढलं.

"माझ्या धानाच्या पऱ्ह्यातल्या रोपायले देशीन का यातलं?"

जिंकलो! पोरं माझ्या खंदकात, आणि गजू माझ्या दारात. त्याचा तो कोरडा ठणठणीत खंदक पंख्यासकट रिकामा पडला होता.

बायकोनं मात्र त्याच दिवशी हुकूम काढला. खरंच विमान आलं, तर सगळ्यांनी गजूभाऊजींच्या खंदकात जायचं. माझ्या खंदकात म्हैस बसणार, आणि जागा उरली तर मी.