समुद्राची ओटी

लॉजच्या खोलीत पाय ठेवला आणि पहिली किळस आली ती उशीची. अभ्र्यावर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा बशीएवढा डाग होता आणि त्यात एक लांब केस. फौजेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, आता कराडजवळच्या गावात ऊस बघतो. पण अंथरुणाच्या बाबतीत माझी परेड अजून सुटलेली नाही. घरून आणलेली चादर गादीवर घातली, उशीला टॉवेल गुंडाळला आणि खिडकी उघडली. खालच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सी व्ह्यू' लिहिलं होतं. खिडकीतून दिसत होती मासळीबाजाराची मागची भिंत. वास असा आला की मी खिडकी ताडकन लावून घेतली, तर तो आतच अडकला.

"उघडी ऱ्हाऊ द्या की," बायको म्हणाली. "वारं किती गार येतंय."

तिने समुद्र आजवर पाहिला नव्हता. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती एकच मागणं मागत होती. जोडीनं एकदा समुद्राला जाऊन येऊ. ना दागिना, ना साडी, फक्त समुद्र. मी दरवर्षी काहीतरी आडवं घालायचो. उसाची तोड आटपू दे, भाचीचं लग्न होऊ दे, पाऊस उघडू दे, तिथं काय सोनं ठेवलंय, नुसतं खारट पाणी. यंदा मुलाने आम्हाला न विचारता मोबाइलवरून खोली ठरवली आणि एसटीची तिकिटं हातात ठेवली. पहाटे घाट उतरून साडेनऊला आम्ही त्या कोकणातल्या शहरात पोचलो. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. मी धरतो म्हटलं तर देईना. लाडू-चिवडा असेल अशी माझी समजूत.

आधी जेटीवर गेलो. मासे उतरवण्याचं काम चाललं होतं. पायाखाली काळं पाणी, खवले, वितळलेल्या बर्फाचा राडा. एक मांजर कसलं तरी आतडं ओढत माझ्या बुटावरून गेलं. मी पँट दोन बोटांनी वर धरून, नाकाला रुमाल लावून चालत होतो आणि बायको चपला काढून हातात घेऊन! जणू देवळात आली होती. एका कोळणीशेजारी उकिडवी बसून तिने टोपलीतल्या प्रत्येक माशाची चौकशी केली. मी लांबून हाका मारत होतो.

"आवं, ह्यो बघा, डोळं मिटत न्हाई म्हनं ह्यो कवाच!"

"चल लवकर. मला मळमळतंय."

तिथून किल्ल्यावर. ऊन असं की तटाच्या दगडाला हात लावला तर चटका बसावा. चढून वर गेलो तर भिंतीवर जोडप्यांची नावं कोरलेली, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, आणि आमच्या पुढच्या माणसाने बुरुजावरून गुटख्याची अशी पिंक टाकली की वाऱ्याने तिचे शिंतोडे आमच्याकडे आले. मी त्याला फौजी भाषेत चार शब्द ऐकवले. त्याने हसून पुन्हा थुंकलं. भांडण वाढणार तेवढ्यात बायकोकडे लक्ष गेलं. ती तटापाशी उभी होती. समोर क्षितिजापर्यंत पाणी, त्यावर ऊन. तिने पदर डोक्यावरून घेतला होता, हात जोडले होते.

मग म्हणाली, "तुमची बोट असल्याच पाण्यातनं गेली व्हती न्हवं?"

"हूं," मी म्हणालो आणि पायऱ्या उतरायला लागलो.

जेवायला एका घरगुती खानावळीत बसलो. टेबलाच्या फडक्याला कालच्या रश्श्याचा वास, पाण्याच्या पेल्यावर कुणाच्या तरी ओठांचा ठसा. मी पेला बदलून मागितला, बदललेल्यावरही तोच. बायको मात्र चवीने जेवत होती. शेवटी खानावळवाल्या बाईंनी आपणहून तिच्या ताटात उकडीचा मोदक ठेवला, वर तुपाची धार. बायकोने ताट मागे सरकवलं. "नगं ताई, मला गूळ चालत न्हाई."

सकाळपासूनचा सगळा राग मी त्या मोदकावर काढला. आमच्याकडे सणाला पुरण गुळाचं, संक्रांतीला पोळी गुळाची, चुलतभावाचं गुऱ्हाळ सुरू झालं की घरात काकवीच्या कासंड्या येतात. आणि ही बाई गुळाला शिवत नाही. विचारलं की पित्त होतंय. मी म्हणालो, "उसाच्या घरात नांदतीस आणि गुळाचं नाटक करतीस. कसलं पित्त गं तुझं? किती वर्षं ऐकायचं?"

ती हसली. पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "पित्त कशाचं वं. बोललेलं फिटंस्तवर सांगायचं नसतंय, म्हून पित्त सांगत व्हती. आज फेडायचंच हाय, आता सांगाय काय हरकत."

आणि तिने सांगितलं. फौजेत असताना बेटावर बदली झाली, बोटीने चाललो, असं माझं पत्र आलं, त्या दिवशी ती एकटी कराडला गेली. संगमावर, जिथे कोयना कृष्णेला मिळते, तिथे पाण्यात उभी राहिली. "किष्णामाईला म्हनलं, तुजं पाणी समुद्राला जातंय, त्येला माजा निरोप सांग. मालक सुखरूप माघारी आलं तर जोडीनं यिऊन त्येची ओटी भरीन. तवर गूळ तोंडात घालायची न्हाई."

पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या बांगड्या होत्या. लाडू नव्हते.

आता जे लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बोट नव्हतीच. बेटही नव्हतं. त्या दोन वर्षांत मी घरापासून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर, एका डेपोत सामानाच्या नोंदी करत बसलो होतो. पंख्याखाली. आमच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसता नंबर असायचा, त्यामुळे घरी कळायची सोय नव्हती. गावातली बाकीची पोरं बर्फातली, डोंगरातली पत्रं पाठवत होती आणि मी काय लिहू, आज बुटांचे चारशे जोड मोजले? शिवाय घरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात सासू-सुनेचं भांडण असायचं, सुट्टी घेऊन या आणि काय तो निकाल लावा म्हणून. मला यायचं नव्हतं. मग मी लाटा लिहिल्या, वादळ लिहिलं, बोटीवरच्या उलट्या लिहिल्या. बेटावरून सुट्टी मिळत नाही म्हणून कळवलं आणि दोन्ही सुट्ट्या एका मित्राच्या गावी क्रिकेट बघत काढल्या. आणि इकडे ही पुरणाची पोळी लाटून सगळ्यांना वाढत होती आणि स्वतः आमटी-भात खात होती.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी भूगोल काढला. "अगं पण किष्णा हिकडं येतच न्हाई. ती पूर्वेला जाती, आंध्रातनं. ह्यो समुद्रच येगळा हाय. तुझा निरोप काय हितं पोचला न्हाई."

तिने क्षणभर विचार केला. "पाणी समदं येकच आसतंय," ती म्हणाली. "आन निरोप पोचला नसता तर तुमी आला आसता व्हय?"

मी पुढ्यातली सोलकढी एका घोटात संपवली. पेल्यावरच्या ठशाचं मला भानही राहिलं नाही.

चारच्या सुमाराला किनाऱ्यावर गेलो. असा उकिरडा मी पाहिला नव्हता. घोड्यांची लीद, लहान मुलांचे वापरलेले डायपर, फुटक्या बाटल्या, शहाळ्यांची सालपटं. वाळूत गाड्या उडवणारी पोरं, त्यांच्या कर्ण्यावरची गाणी. ओटी भरायला चार हात स्वच्छ जागा मिळेना. मी पुढे, ती मागे, असा अर्धा तास मी तिला उन्हात चालवलं. "आवं, कुटं बी चालंल," ती म्हणत होती. मला चालणार नव्हतं. खरं सांगायचं तर ती वेळ यायलाच नको होती.

शेवटी एका टोकाला खडक होते, तिथे थांबलो. तिने खण उलगडला, त्यावर नारळ, तांदूळ, सगळं मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मग म्हणाली, "माज्या हाताला हात लावा." मी लावला. सकाळपासून कुठेही न टेकलेला, तीनदा साबणाने धुतलेला तो हात मला स्वतःलाच ओंगळ वाटत होता. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने ओटी सोडली, नमस्कार केला आणि आम्ही नदीवर करतो तशी पाठ फिरवून, मागे न बघता काठाकडे चालायला लागली. नदीला दिलेलं नदी पुढे घेऊन जाते. आमचा जन्म तेच बघण्यात गेलेला.

समुद्राने ओटी परत आणली. नारळ लाटेबरोबर गडगडत आला आणि तिच्या टाचेला लागला. खण वाळूवर पसरला, कुरकुऱ्यांच्या एका रिकाम्या पाकिटाशेजारी.

तिने पुन्हा सगळं गोळा केलं, पुन्हा सोडलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा खण आला तो शेवाळाने आणि कसल्या तरी नायलॉनच्या दोऱ्याने बरबटून. तांदूळ, सुपारी तर कधीच गेली होती. चार पोरं थांबून बघत होती, एकाने मोबाइल वर धरला होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो खिशात घातला.

"भरती हाय," मी म्हणालो. "भरतीचं पाणी आणतंयच माघारी."

"घेत न्हाई त्यो," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तीस वर्षांत माझ्या आईच्या बोलण्यानेसुद्धा तो तसा उतरलेला मी पाहिला नव्हता. "लय उशीर लावला मी. न्हाई तर माजंच कायतरी चुकलं."

तिचं काय चुकलं! 'बोट नव्हती' एवढे दोनच शब्द. मी ते गिळले, तिच्या हातातून नारळ आणि खण घेतला आणि बूट-पँटसकट पाण्यात शिरलो.

छातीपर्यंत गेलो. पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं, ते माशाचं होतं की माणसाचं, कळलं नाही. लाट तोंडावर आली आणि तोंडात मीठ आणि डिझेलची चव भरली. एरवी मी तिथेच ओकलो असतो. खडकाच्या आडोशाला, काठावरून दिसणार नाही अशा बेताने, मी नारळ खणात बांधला, दोन गाठी मारल्या आणि पाण्याखाली हात घालून तो खडकाच्या कपारीत ठोकून बसवला. समुद्राला न्यायचा नसला तरी आता परत आणता येणार नव्हता. मग मी रिकामे हात वर केले.

"गेली!" मी ओरडलो. "घेतली बघ!"

तिने काठावरून दोन्ही हात जोडले. एकदा समुद्राला आणि मग, का कुणास ठाऊक, मला.

बाहेर आलो तेव्हा अंगातून घाण पाणी गळत होतं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. पिशवीच्या तळातून कागदाची एक पुडी काढली. चुलतभावाच्या गुऱ्हाळातला गुळाचा खडा होता. तिने तो दाताने न तोडता दगडावर फोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. "आदी तुमी."

मी खाल्ला. खारट तोंडात तो कसा लागला ते सांगता येणार नाही. मग तिने बारका तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने डोळे न उघडताच विचारलं, "किती दिस लागलं व्हतं वं बोटीला?"

"तीन," मी म्हणालो.

"भ्याला व्हता?"

"थोडं."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि पुडीतला आणखी एक तुकडा घेतला.

त्यानंतरच्या होळीला सुनेने पुरणपोळ्या केल्या. बायकोने पहिल्या पंगतीलाच बसून दोन खाल्ल्या, वरून काकवी मागून घेतली. सून बघतच राहिली. मग बायको उठली, हात धुऊन, तूप सोडलेली पोळी घेऊन स्वतः मला वाढायला आली. मी ताटावर आडवा हात धरला.

"का वं?" तिने विचारलं.

"पित्त होतंय," मी म्हणालो.