फुर्नासच्या तळ्याकाठचा हंडा

तळ्याकाठी ज्वालामुखीच्या उष्णतेने जमिनीतून वाफा निघत होत्या आणि वरून तीन दिवस पाऊस कोसळत होता. ईस्टरच्या सुट्टीला लिस्बनहून बायकोला घेऊन आलेला हेल्दर गाडीतून उतरेना.

"आई, हॉटेलात जाऊ. या पावसात उघड्यावर कोण जेवतं?"

"आपण जेवतो," इदालिनाबाई म्हणाल्या.

सकाळीच त्यांनी मांस, कोबी आणि रताळ्यांचा हंडा फडक्यात बांधून, दर ईस्टरसारखा, गरम मातीत शिजायला पुरला होता. हंडा कुणाचा ते कळावं म्हणून ढिगाऱ्यावर अजून नवऱ्याच्याच नावाची पाटी होती. तो गेल्यानंतरचा हा पहिलाच ईस्टर. आज हॉटेलात जेवलो, तर हा हंडा पुन्हा कधी पुरला जाणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

"आजारी पडशील!"

"तू जन्मलास तेव्हाही असाच पाऊस होता. विरघळलास का?"

त्यांनी फावड्याने माती सारली आणि एकटीनेच हंड्याला बांधलेली दोरी ओढली. पाय चिखलात घसरले, हंडा जागचा हलला नाही. आधी सून धावली, मागोमाग पुटपुटत हेल्दर. तिघांनी मिळून हंडा वर काढला.

ताटांत पावसाचे थेंब पडू लागले.

"रस्सा पाणचट झाला," हेल्दर कुरकुरला.

"मग पटापट जेव," म्हणत त्यांनी त्याला आणखी वाढलं. त्याने ताट मागे घेतलं नाही.