लोकांनी इथं का यावं

आमच्या गावात डोंगर समुद्राला इतका खेटून उभा आहे की सकाळी त्याची सावली थेट पाण्यावर पडते. ती पाहायला आता बाहेरची माणसं येऊ लागली आहेत, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

परवा पुण्याचा एक गृहस्थ किनाऱ्यावर फोटो काढत होता. तिथंच शेजारच्या सुमनकाकूनं जुनं जाळं अंथरून बांगडे वाळत घातले होते. ते फोटोत येत होते, म्हणून त्यानं जाळ्याचं टोक धरलं आणि सगळं बाजूला ओढलं. निम्मे बांगडे वाळूत पडले. काकू घरातून धावत आली. तो हसून म्हणाला, "दोन मिनिटं हो मावशी. इतकी सुंदर जागा कुणाला माहीतच नाही."

काकू खाली बसून एकेक बांगडा झटकू लागली. वर न बघता म्हणाली, "जागा तुमका आवडली. आमीच मदी इलंव."

त्याला ती गंमत वाटली असावी. कॅमेरा माझ्याकडे वळवून त्यानं विचारलं, "तुम्ही इथलेच ना? लोकांनी इथं का यावं, जरा सांगा."

माणसं नसलेला डोंगर आणि समुद्र या बाहेरच्यांना कुठंही मिळेल. इथं यावं ते काकूच्या पडवीत बसून, तिच्याशी बोलत, तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला. पण हे त्याला सांगावंसं मला वाटेना.

"येऊ नये," मी म्हणालो, आणि काकूशेजारी बसून बांगडे झटकू लागलो.