विमानाची बंदूक आणि हिंगणघाटचे दोन दिवस

हिंगणघाटला जायचं हे मी एका शुक्रवारी दुपारी, नागपूरच्या वाचनालयात, स्टुलावर उभ्याउभ्या ठरवलं. ब्याऐंशी सालचा डिसेंबर होता. मी तिथे कारकून होते आणि जुन्या इंग्रजी मासिकांवरची धूळ झटकत होते. एका पानावर अमेरिकन मरीनचा फोटो दिसला. मरीन म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरून लढणारा सैनिक. त्याच्या हातात विचित्र दिसणारी मशीनगन होती. दुसऱ्या महायुद्धात या लोकांनी मोडक्या विमानांतल्या मशीनगन काढल्या, त्यांना रायफलीचा दस्ता, पुढे दोन पाय आणि हाताने घडवलेला घोडा लावला, आणि इवो जिमा बेटावर पायदळाने त्या चालवल्या, असं खाली लिहिलं होतं. अशा जेमतेम सहा.

माझे सीताराममामा अगदी हेच सांगायचे. ते ब्रह्मदेशाच्या लढाईत पलटणीतले बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री होते, नंतर हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. पडलेल्या विमानाची मशीनगन काढून आपण ती जमिनीवर चालवण्याजोगी केली, ही गोष्ट ते दर सव्वीस जानेवारीला वस्तीजवळच्या शाळेत सांगत. त्या वर्षीच्या जानेवारीत हेडमास्तर माईकवरच म्हणाले, "मिस्त्री, मुलांना खरं तेवढंच सांगा." मुलं हसली. मामा खाली उतरले ते पुन्हा शाळेत गेले नाहीत.

मासिक बाहेर न्यायची परवानगी नव्हती. मी नेलं.

रविवारी सकाळी बसस्टँडवर तर्री पोहे खाऊन एस.टी. पकडली. बुटीबोरीपर्यंत उभीच होते. जांबच्या चौरस्त्यावर गाडी बराच वेळ थांबते, तिथे संत्री घ्यावीत. पुढच्या धुळीत घसा ओला राहतो. हिंगणघाट जवळ आल्याचं पाटीआधी बाभळी सांगतात. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जाऊन जाऊन काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले असतात. जिनिंगपुढे बंड्यांची रांग थेट हमरस्त्यापर्यंत आली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचं सोडून दिलं आणि आम्ही पायी निघालो.

मामीने वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर वाढली. जेवण झाल्यावर मी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मासिक उघडलं आणि तो मजकूर मराठीत वाचून दाखवला. मला वाटलं होतं, मामा खूश होतील. ते फोटोकडे बघत राहिले.

"दस्ता बरा बसवला त्यायनं," ते म्हणाले. "माहा हलत होता. तारेनं बांधला होता म्या."

"मामा, आता कोणी तुम्हाला खोटं म्हणणार नाही."

"काऊन? गोऱ्यानं छापलं म्हून?"

मामी म्हणाली, "तिले सांगा ना गणपतचं. बंदुकीचं सांगता सारं, गणपतचं कोणालेच नाई सांगत."

मामांनी सांगितलं, थांबत थांबत. गणपत शेंडे हा सिंदी रेल्वे गावाकडचा, त्यांच्याच तुकडीतला. ती बंदूक चालवायला तोच पुढे झाला. एका नाल्यात तुकडी अडकली, तेव्हा बाकीचे निघेपर्यंत तो एकटा बंदुकीमागे पडून राहिला. "तिचा आवाज येगळाच होता. साऱ्या जपान्यायनं तिकडंच नेम धरला. आमी अकरा जन निंगालो. त्याले आनता नाई आलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बंदूक खोटी म्हटली, तं गणपत खोटा होते. मले फेकू म्हना, चालते. हे नाई चालत."

सोमवारी सकाळी मामांनी धुतलेला सदरा घातला आणि स्वतःच म्हणाले, "चाल शाळेत."

हेडमास्तर उंच, कडक आवाजाचे होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. मी दिलेला मजकूर मात्र शेवटपर्यंत वाचला.

"हे अमेरिकेचं झालं," ते म्हणाले. "यात तुमचं नाव कुठे आहे?"

"नाई. असनार बी नाई," मामा म्हणाले. "तुमी विचारा मले. कागद तुमच्या हातात ठेवा."

हेडमास्तरांनी पान स्वतःकडे वळवलं. "घोडा वेगळा का बनवावा लागला?"

"पंखातल्या बंदुकीले घोडा नसते, गुरुजी. पायलट आपल्या जाग्यावरून बटन दाबते. जमिनीवर बटन कोठून आनता? म्या मोटारीच्या पत्र्याचा केला."

"आणि अडचण काय होती? यात एक लिहिली आहे."

"गोया. बंदुकीतला गोयायचा पट्टा पान्यावानी जाते. घोडा दाबला का खतम. अन् वर हवेत वाऱ्यानं नळी थंडी राह्यते, खाली लाल होते. हात भाजला माहा." त्यांनी तळवा टेबलावर उलगडला. अंगठ्याच्या मुळाशी गुळगुळीत डाग होता. लहानपणी मी तो इंजिनचा समजत होते.

हेडमास्तरांनी मासिक मिटलं. "बसा, मिस्त्री," ते म्हणाले. "या सव्वीस जानेवारीला या. मी हा लेख मुलांना वाचून दाखवतो, म्हणजे कोणी शंका घेणार नाही."

मामा बसले नाहीत. "त्यायची गोष्ट त्यायले राहू द्या. माही मी सांगतो. अन् मले माफी बी नोको. तुमी ज्या माईकवरून बोलले, त्याच माईकवरून गणपत शेंडे हे नाव घ्या. मंग येतो."

शिपायाने तास बदलल्याची घंटा दिली. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत होते. "बघू," एवढंच म्हणाले.

दुपारच्या गाडीने मी परतले. मामा स्टँडवर आले होते. "पुन्हा येजो," म्हणाले. मंगळवारी मासिक जागेवर ठेवताना साहेबांनी पकडलं आणि लेखी ताकीद मिळाली. मी कारण दिलं नाही.

हिंगणघाटचा रस्ता आता रुंद झाला आहे. नागपूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला परत याल. मी तेव्हा मामांकडे पुरावा घेऊन गेले होते आणि त्यांना त्याची गरजच नव्हती, हे कळायला मला दोन दिवस लागले. छापील शब्दावर माझा तेव्हा फार विश्वास होता. तो तिथून थोडा कमी होऊन आला आणि पुन्हा तेवढा वाढला नाही.

फेब्रुवारीत मामीचं पत्र आलं. शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. मास्तर बोलले, लिहिलं होतं. गणपतचं नाव पूर्ण घेतलं, गावासकट. मुलं हसली नाहीत. मग तुझे मामा उठले आणि शाळा सुटायची वेळ होऊन गेली तरी बोलत राहिले. कोणी थांबवलं नाही.